प्रतिसाद: ही 'नुसती चक्कर' नसते, मेंदूचा झटका (स्ट्रोक) असू शकतो
गिरगावातल्या एका काकांना चक्कर आणि उलट्या होत होत्या, पण तोंड वाकडं नव्हतं, हातही उचलता येत होते, म्हणून पित्त समजून रात्र काढली, असं ज्या लेखावर हा प्रतिसाद आहे त्यात लिहिलंय. असं फार घरांत होतं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी बेसिलर धमनी रक्ताच्या गुठळीने तुंबली की झटक्याची सुरुवात अशीच होऊ शकते: अचानक तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, पाणी गिळताना ठसका लागणं. बसून नीट बोलणारा माणूस उभा केला की एका बाजूला कलंडतो, हे आवर्जून बघा. साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी निर्धास्त होऊ नका, मागचा भाग त्यात नीट दिसत नाही. 'सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) करायची का?' असं डॉक्टरांना सरळ विचारा.

'मागच्या बाजूची गुठळी काढून उपयोग नसतो' हे मत मात्र आता जुनं झालं. रुग्णांवर झालेल्या आधीच्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नव्हता, हे खरं. पण २०२२ साली चीनमधल्या अटेंशन आणि बाओचे या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. रक्तवाहिनीतून नळी घालून गुठळी काढलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के रुग्ण ९० दिवसांनी आधाराशिवाय चालू शकत होते. नुसत्या औषधोपचारावर हेच प्रमाण २३-२४ टक्के होतं. बाओचेत तर लक्षणं सुरू होऊन ६ ते २४ तास उलटलेले रुग्ण होते. अर्थात हे आकडे बहुतांशी मोठ्या झटक्यांचे, सौम्य झटक्यांना तसेच लावू नयेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका. मुंबईत सगळ्याच हॉस्पिटलांत रात्री ही सोय नसते. आपल्या जवळपास कुठे आहे ते आजच फोन करून विचारून ठेवा.