लेआउट ग्रुप : प्रभागाचा नकाशा लागला

बंडूभाऊ : राम राम मंडळी. पालिकेत प्रारूप प्रभागरचना लागली, आत्ताच पाहून आलो. आपल्या लेआउटचे पुन्हा दोन तुकडे!! मधातल्या रोडवरूनच हद्द काढली, डावीकडची घरं सहामंदी अन् उजवीकडची सातमंदी. माह्या दारातला खांब कोणाचा मग?

सुनीता वहिनी : मागच्या वेळीबी तेच नं भाऊ. लाइट बंद पडला की एक नगरसेवक म्हणे तो रोड तिकडचा, दुसरा म्हणे इकडचा. पोरी अंधारातून ट्युशनवरून येत होत्या.

विठ्ठलमामा : 2011 नंतरची घरं मोजलीच नाही

गुरुजी : समजून घ्या राजेहो. 2021 ची जनगणना झाली नाही म्हणून आकडे 2011 चेच धरतात. एकूण लोकसंख्या भागिले नगरसेवक, दोघांचा प्रभाग म्हणून त्याची दुप्पट, अन् त्यात दहा टक्के कमी-जास्त चालते. जनगणनेचा प्रगणक गट, म्हंजे एका मोजणाऱ्याले वाटून दिलेली घरं, शक्यतो फोडत नाही. आपल्या रोडच्या जागी तवा पांदण होती, गटाची हद्द तिच्यावरूनच होती.

बंडूभाऊ : तवा तर इथं तुरीचं वावर होतं गुरुजी

प्रशांत : 😂 तुरीले वोटर कार्ड द्या

सुनीता वहिनी : प्रशांत, सीरियस चाललं हाय इथं

विठ्ठलमामा : तेच तर म्हणतो, 2011 नंतरची घरं मोजलीच नाही

रमेशकाका : एक वार्ड एक मेंबर होता तेच बरं होतं, माणूस रस्त्यात पकडता येत होता. 2011 ले चार-चार मेंबरचे प्रभाग केले, 2016 ले दोन-दोनचे, वरून नगराध्यक्ष थेट जनतेतून. आता कोणाले विचारावं हेच समजत नाही.

प्रशांत : काका, तवा तुमचे भाऊ मेंबर होते म्हणून बरं वाटते

रमेशकाका : भावाले मधात आणू नको. त्यानं बांधलेली नाली आजबी वाहते. तुह्या मेंबरनं काय केलं ते सांग अगुदर.

अ‍ॅडमिन : कृपया वैयक्तिक नको 🙏

गुरुजी : अहो हद्दी तर जिल्ह्याच्याबी हलल्या. वाशीम जिल्हा 1905 ले मोडून बराचसा अकोल्यात टाकला, तो 1 जुलै 1998 ले परत वेगळा झाला. माह्या आजोबाच्या शेताचे जुने कागद अकोल्याले सापडले.

सुनीता वहिनी : गुरुजी, मान्य हाय, पण खांबाचं बोला नं

विठ्ठलमामा : 2011 नंतरची घरं मोजलीच नाही. कोणी वाचत नाही काय माहा मेसेज

बंडूभाऊ : मामा वाचला, अन् तुमचाच मुद्दा कामाचा हाय. तवा इकडं घरंच कमी होती, म्हंजे आपला गट अख्खा सातातून सहात टाकला तरी आकडा जास्त हलत नाही. हद्द शक्यतो नाला, नदी, मोठा रोड अशीच पाडतात. नाला आपल्या मागंच हाय, मग लेआउटच्या पोटातून काऊन? हद्द नाल्यावर न्या, एवढंच मांगू.

गुरुजी : बरोबर. दोन्ही प्रभागाचे आकडे अन् चतुःसीमा मी उद्या उतरवून आणतो, दहा टक्क्यात बसते का पाहून लिहू. हरकत लेखी द्या अन् पोच घ्या, तोंडी बोललेलं कोणी धरत नाही. अन् आत्ताच द्या, रचना अंतिम होऊन आरक्षणाची सोडत निघाली की काही होत नाही.

बंडूभाऊ : मंग आज जेवणं झाले की माह्या ओट्यावर या, दोन्ही बाजूच्या सह्या पायजे

प्रशांत : मी येतो, झेरॉक्सचा खर्च माह्याकडं

रमेशकाका : सही देतो. पण प्रशांतच्या नावाखाली माहं नाव टाकू नका.