गिनीपिगसाठी घरी पिंजरा करायचा आहे. जागा, उन्हाळा आणि जनावर कोठून आणावे याविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न : समुद्रपूरचे_गुरुजी

सर्वांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या सहावीतल्या मुलीने दिवाळीत नागपूरला मामाकडे गिनीपिग पाहिले आणि तेव्हापासून तिने त्यांचा ध्यास घेतला आहे. मामाला विचारून विचारून तिने एक वही भरली आहे, त्यामुळे तिला नुसते ‘नाही’ म्हणणे मला जड जाते. तरी जनावर आधी आणून मग शिकत बसण्यापेक्षा आधी शिकून मग ते आणावे, असे मला वाटते.

आमचे घर कवेलूचे आहे, समोर ओसरी आणि मागे गोठा आहे. गोठ्यात कोंबड्यांचे एक जुने खुराडे पडून आहे. ते दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद असून त्याच्या तळाला जाळी आहे. शिवाय भंगारात द्यायला काढलेल्या कूलरची लोखंडी चौकट आहे. यांपैकी काही वापरता येईल का? दुसरे असे की, आमच्या आठवडी बाजारात एक विक्रेता ससे, पांढरे उंदीर आणि गिनीपिग एकाच टोपलीत घेऊन बसतो आणि ‘जोडी घ्या, एकटे जगत नाही’ असे सांगतो. त्याच्याकडून घेणे योग्य ठरेल का? आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा हा जीव तग धरेल का? चाऱ्याची मला चिंता नाही, कारण शेतात गवत भरपूर आहे.

उत्तर १ : बाभळीची_सावली

गुरुजी, मी भंडारा जिल्ह्यात गेली आठ वर्षे गिनीपिग पाळतो आणि त्यांचे तीन पिंजरे मी स्वतःच्या हाताने केले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खुराडे वापरू नका. दोन फूट गुणिले दीड फूट म्हणजे जेमतेम तीन चौरस फूट जागा झाली, आणि दोन गिनीपिगांना किमान साडेसात ते आठ चौरस फूट तरी लागते. हा प्राणी झाडावर चढणारा नाही की उड्या मारणारा नाही. तो जमिनीवर पळतो, म्हणून त्याला उंच पिंजऱ्यापेक्षा लांब-रुंद पिंजरा हवा. मी चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद, म्हणजे दहा चौरस फुटांचा पिंजरा करतो. खुराड्याची दुसरी अडचण त्याच्या तळाची जाळी आहे. कोंबडीचे पंजे आणि गिनीपिगचे तळवे यांत फार फरक असतो. त्याच्या तळव्यांना केस नसतात, त्यामुळे तारेवर उभे राहून राहून तिथे आधी लाली येते, मग गाठ येते आणि पुढे जखम चिघळते. ही जखम महिनोन्‌महिने बरी होत नाही. तळ सपाट आणि भरीवच हवा.

कूलरची चौकट मात्र कामाची आहे, फक्त ती आडवी करावी लागेल आणि लांबी पुरत नसेल तर सागाच्या किंवा कडुनिंबाच्या पट्ट्या जोडून वाढवावी लागेल. गंज पूर्ण घासून काढा. कुरतडता येईल अशा ठिकाणी रंग लावू नका, कारण यांचे दात जन्मभर वाढत असतात आणि समोर येईल ते ते कुरतडतात. बाजूंना आणि वरच्या झाकणाला अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डिंगची जाळी लावा. कोंबड्यांसाठी मिळणारी षट्कोनी जाळी कुत्र्याच्या एका हिसक्याने फाटते आणि तिच्या मोठ्या भोकांतून उंदीर सहज आत येतो. खेड्यात मांजर, मुंगूस, धामण आणि घूस हे चारही शेजारी गृहीत धरूनच पिंजरा बांधायचा असतो. झाकणाला नुसती कडी न लावता कडीत अडकवायचा खिळाही ठेवा. माझ्या पहिल्या पिंजऱ्याला साधी कडी होती. एका रात्री मांजरीने ती पंजाने उचकटली आणि सकाळी मला एकच गिनीपिग जिवंत सापडला. तो तीन दिवस कोपऱ्यातून हलला नाही.

तळाशी वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर जुनी सुती चादर किंवा धोतर आणि त्यावर सुके गवत, एवढे पुरते. आरागिरणीतला भुसा फुकट मिळतो, पण त्याची बारीक धूळ यांच्या फुफ्फुसांत जाते. गोणपाटही टाळा, कारण त्याच्या सुटलेल्या धाग्यांत बोट अडकून काळे पडलेले मी पाहिले आहे. ओले झालेले गवत रोज काढा आणि कापड दर तीन-चार दिवसांनी बदला.

लपायला प्रत्येकाला वेगळी जागा हवी आणि त्या जागेला दोन तोंडे हवीत, म्हणजे एकाने दुसऱ्याला कोंडून धरले असे होत नाही. यासाठी तुमच्या घरावरच उत्तम वस्तू आहे. विटांच्या दोन ओळींवर दोन-तीन कवेलू पालथे ठेवले की गार बोगदा तयार होतो. उन्हाळ्यात कवेलू पाण्यात बुडवून निथळून ठेवला तर ते त्याला पोट लावून तासन्‌तास पडून राहतात.

आता उन्हाळा. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला, म्हणजे थंड हवेचा आहे. त्याला घाम येत नाही आणि साधारण १८ ते २४ अंश तापमान त्याला मानवते. तिशी ओलांडली की उष्माघाताचा धोका सुरू होतो. म्हणून ओसरी आणि गोठा दोन्ही बाद समजा. पिंजरा घरातल्या सर्वांत गार खोलीत, भिंतीपासून थोडा दूर ठेवा. कूलर त्या खोलीत असावा, पण त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नसावा आणि खिडकी उघडी असावी, नाहीतर दमटपणा वाढून तेवढाच त्रास होतो. लाईन गेली की काय करणार, याचे उत्तर आधीच तयार ठेवावे लागते. मी फ्रिजमध्ये पाण्याच्या चार बाटल्या गोठवून ठेवतो आणि कापडात गुंडाळून पिंजऱ्यात आडव्या ठेवतो. जनावर आडवे पडून भराभर श्वास घेत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर त्याला गार जागी घेऊन कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करावे आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. बर्फाचे पाणी मात्र अंगावर ओतू नये.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होण्याआधी, एप्रिलच्या शेवटी, रिकामा पिंजरा त्या खोलीत ठेवून आत तापमापक लटकवा. दुपारी तीनला तो काय दाखवतो, यावर पुढचा निर्णय घ्या.

उत्तर २ : उमरेडची_आई

मी फक्त बाजाराबद्दल लिहिते. चार वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका टोपलीतून ‘दोन्ही माद्या’ म्हणून दोन पिल्ले आणली. त्यांतला एक नर निघाला. दोन महिन्यांत तीन पिल्ले झाली, आणि प्रसूतीनंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते हे आम्हाला ठाऊक नसल्याने आणखी सत्तर दिवसांनी चार झाली. सात पिल्लांना चांगली घरे शोधताना माझे वर्ष गेले आणि ती आई पार खंगून गेली. त्यातच माझ्या धाकट्याच्या मानेवर नायटा उठला, आणि तो त्याच जनावरांकडून आला असल्याचे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले.

एका टोपलीत ससा आणि गिनीपिग ठेवणाऱ्या माणसाकडून काहीही घेऊ नका. सशाला काहीच त्रास न देणारा जंतू गिनीपिगला न्यूमोनिया करू शकतो. दया येऊन विकत घेतले, तरी रिकाम्या झालेल्या जागी पुढच्या आठवड्यात तो दुसरे पिल्लू आणून बसवतो.

नागपुरात बदलीमुळे किंवा मुले शिकायला बाहेर गेल्यामुळे गिनीपिग दुसऱ्या घरी देऊ पाहणारी कुटुंबे नेहमी सापडतात. मामांना विचारा. तसे मोठे, एकमेकांची सवय असलेले जोडीदार पिंजऱ्यासकट मिळाले तर त्याहून चांगले काही नाही. दुकानातूनच घ्यायचे असेल, तर पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली केंद्राचे नियम आले असून राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असणे दुकानाला बंधनकारक आहे. ते प्रमाणपत्र मागून पाहा, संकोच करू नका.

उत्तर ३ : गुरांचा_दवाखाना

मी पशुवैद्यक आहे. माझे बहुतेक काम गाई, म्हशी आणि शेळ्यांचे असते, तरी वर्षाकाठी दोन-चार गिनीपिग माझ्यापुढे येतात आणि त्यांतले बहुतेक आहारामुळे आजारी पडलेले असतात, म्हणून गुरुजींच्या शेवटच्या वाक्यावर मला बोलावेसे वाटते.

शेतात गवत भरपूर आहे हे खरे, पण कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या धुऱ्यावरचे (बांधावरचे) गवत कापू नका. कीटकनाशकाची आणि तणनाशकाची फवारणी धुऱ्यापर्यंत जातेच, आणि एका किलोहून कमी वजनाच्या जीवाला त्यातला अंशही पुरतो. पडीत जागेतली हरळी किंवा मारवेल फुलोऱ्यावर येण्याआधी कापून सावलीत वाळवा. कुसळी गवत नको, कारण त्याची कुसळे डोळ्यांत आणि हिरड्यांत रुततात. कोवळी ज्वारी तर मुळीच नको. ती गुरांना जशी विषारी ठरते, तशीच यांनाही ठरते. सोयाबीनचे कुटार धुळीमुळे निरुपयोगी आहे. आणि मुलीला गाजरगवत दाखवून ठेवा. नावात गाजर असल्याने ते खाऊ घालायला हरकत नसावी, असा समज मी एकदा नव्हे, तीनदा ऐकला आहे.

आहाराचा मोठा भाग सुके गवतच असावे, कारण ते चावूनच दात झिजतात. त्याच्या जोडीला क जीवनसत्त्व रोज हवे. माणसाप्रमाणे गिनीपिगही ते शरीरात तयार करू शकत नाही. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम लागते. ते मिळाले नाही तर काही आठवड्यांत सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते आणि जनावर हात लावताच किंचाळते. आपल्याकडे संत्र्याचे इतके कौतुक आहे की लोक फोडींमागून फोडी देतात. त्यातल्या आंबटपणाने तोंड येते आणि साखरेने पोट बिघडते. तितक्याच वजनाच्या ढोबळी मिरचीत संत्र्याहून जास्त क जीवनसत्त्व असते. रोज मिरचीचा एक तुकडा, मूठभर सांबार (कोथिंबीर) आणि अधूनमधून पेरूची पातळ चकती पुरेशी आहे. सशांचे तयार खाद्य चालत नाही, कारण त्यात हे जीवनसत्त्व घातलेले नसते. बटाटा, कांदा, लसूण, दूध, पोळी यांपैकी काही देऊ नये.

औषधाबाबत एक ताकीद देतो. गिनीपिगला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडावाटे देऊ नये, त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरून जनावर दगावते. घरातल्या गोळीचा तुकडा देण्याचा मोह अनेकांना होतो. जनावराने अर्धा दिवस काही खाल्ले नाही, तर उद्यापर्यंत वाट पाहू नका. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तुमच्या मुलीच्या त्या वहीत लिहून ठेवा, कारण आजार दिसण्याआधी वजन घटते. तुमच्या भागातील डॉक्टरांना या प्राण्याची सवय नसेल, तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना तुम्हाला सोयीचा आहे.

लिंगाची खात्री केल्याशिवाय दोघांना एकत्र ठेवू नका. नर पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की मादीला गाभण करू शकते, आणि मादीची पहिली प्रसूती सात-आठ महिन्यांनंतर झाली तर ओटीपोटाची हाडे पुरेशी फाकत नाहीत व ती बहुधा जिवाशी येते. दोन माद्या सर्वांत सोप्या असतात. दोन नरही भरपूर जागा असली आणि जवळपास मादी नसली तर नांदतात.

समुद्रपूरचे_गुरुजी

तिघांचेही मनापासून आभार. बाभळीची सावली दादा, तुमचे सगळे उत्तर मुलीने वहीत उतरवून घेतले. उमरेडच्या ताई, मामांच्या ओळखीत पाच वर्षांच्या दोन माद्या आहेत. त्या घरातली मुलगी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जाते आहे. त्यांचे वय जास्त वाटते का?

उमरेडची_आई

गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतात. म्हणजे त्यांचा सहवास कदाचित दोन-तीनच वर्षांचा असेल, हे मुलीला आणण्याआधी स्पष्ट सांगा. ते ऐकूनही तिला त्या हव्या असतील तर जरूर आणा.

समुद्रपूरचे_गुरुजी

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. पिंजरा तयार झाला. कूलरच्या चौकटीला सागाच्या पट्ट्या जोडून चार फूट दोन इंच लांब आणि अडीच फूट रुंद. २६ एप्रिलपासून तो मधल्या खोलीत रिकामा ठेवला होता. पहिल्या दिवशी दुपारी तीनला आत ३६ अंश होते. खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, कूलर दारात हलवला, वर माळ्यावर तणसाचा थर टाकला, तरी २९ च्या खाली पारा उतरला नाही, आणि लाईन गेली त्या दिवशी तासाभरात तो ३४ वर गेला.

म्हणून या उन्हाळ्यात आणायचे नाही असे ठरले. त्या घरची मंडळी जुलै अखेरपर्यंत माद्यांना सांभाळायला तयार आहेत, कारण मुलगी ऑगस्टमध्ये जाणार आहे. आम्ही तोवर माळ्याला खालून छत घालतो आहोत आणि परसातल्या वाफ्यात सांबार पेरले आहे. वयाचे मुलीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने वहीत वजनाच्या तक्त्याची पाने मोजून तीन वर्षांची आखली.