मुलांना ‘शरीरावरचे’ सिनेमे दाखवावेत का?

सायली_आई
मुलगी सातवीत आहे. डिसेंबरच्या गॅदरिंगमध्ये तिला नाचात मागच्या ओळीत उभं केलं. कारण कोणी सांगितलं नाही, पण तिला कळलं. आता मार्च संपत आला तरी ती घरातसुद्धा सैल जर्किन घालून वावरते. त्यात आल्यागेल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, “अगं, किती सुटलीस!”

मी तिला सचिन कुंडलकरांचा ‘वजनदार’ (२०१६) दाखवला. मग ऑस्ट्रेलियाच्या टॅरिन ब्रमफिटचा ‘एम्ब्रेस किड्स’ (२०२२) दोघींनी पाहिला. तिने आधी २०१६ मध्ये मोठ्यांसाठी ‘एम्ब्रेस’ काढला होता, हा खास मुलांसाठी आहे. त्यात वेगवेगळ्या शरीरांची मुलं स्वतःच बोलतात. माझं ठाम मत झालंय की शाळांनी वर्षातून एकदा असा सिनेमा दाखवावा आणि नंतर तासभर मुलांना बोलू द्यावं. तुम्हाला काय वाटतं?

पाऊसवाट
तुमची तळमळ पोचली, पण मला हे पटत नाही. माझ्या भाचीने ‘दम लगा के हैशा’ (२०१५) पाहिला. त्यातली संध्या तिला फार आवडली. नवऱ्यापुढे मान खाली न घालणारी जाड बाई पडद्यावर तिने पहिल्यांदाच पाहिली होती. रात्री तिने मोबाईलवर भूमी पेडणेकरचं नाव टाकलं, तर समोर काय आलं? त्या भूमिकेसाठी वाढवलेलं वजन तिने नंतर कसं उतरवलं, त्याच्या बातम्या, आधीचे-नंतरचे फोटो, काय खाल्लं आणि काय सोडलं. आठवडाभरात भाचीने रात्रीची पोळी बंद केली. सिनेमा दोन तासांचा असतो, त्याच्यामागून येणारं हे सगळं संपतच नाही.

शरीर हाच विषय केला की पोर स्वतःकडे आणखी निरखून बघायला लागतं. त्यापेक्षा ‘किल्ला’ दाखवा. त्यातला बंड्या, म्हणजे पार्थ भालेराव, अंगाने चांगला भरलेला आहे. पण आपल्या लक्षात राहतो तो त्याचा वांडपणा, सायकल, पाऊस. त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तो कामासाठी. मुलांना हे न सांगता कळतं.

फळा_खडू
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. विषयच काढू नका, हे ज्याला कधी नाव पडलं नाही त्याला सोपं जातं. माझ्या वर्गात ढोल्या आहे, काडी आहे, काळ्या आहे, बुटकी आहे. आम्ही मास्तर गप्प बसलो म्हणून ही नावं थांबत नाहीत, उलट आमचीही संमती आहे असं पोरांना वाटतं.

आठवीच्या वर्गाला मी ‘फँड्री’ दाखवला. फँड्री हा कैकाडी शब्द, अर्थ डुक्कर. तेच नाव त्यातल्या जब्या या शाळकरी पोराच्या पाठीमागे लागतं. सिनेमा संपल्यावर कोणी जागचं हलेना. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, मला काळ्या म्हणतात ते तुम्हाला ऐकू येतं का?” मला ऐकू येत होतं. तीन वर्षं येत होतं.

माणदेशी
सर, तुमच्या मुलाचा प्रश्न काळजाला लागला, पण ‘फँड्री’ला रंगरूपाचा सिनेमा करू नका. जब्याला हिणवतात ते जातीवरून. शेवटी तो दगड भिरकावतो तो दिसण्यावरून चिडवलं म्हणून नव्हे. त्या पोराला “तू जसा आहेस तसा छान आहेस” सांगून भागणार नाही, कारण खोट त्याच्या आरशात नाहीच, गावात आहे.

फळा_खडू
तुमचं म्हणणं मान्य. फक्त आमच्या गावात “काळ्या” म्हणताना रंग कुठे संपतो आणि जात कुठे सुरू होते, ते मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही. त्या मुलालाही नाही. म्हणून वर्गात दोन्हींवर बोललो.

अंगणातली_जाई
मला तर नवीन काही दाखवण्याआधी जुनं बंद करावंसं वाटतं. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात जाड बाई नुसती दारातून आत आली की हशा पिकतो. जेवताना आम्ही सगळे हसायचो. नातीने ताट अर्धं टाकून उठायला सुरुवात केली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता जेवताना टीव्ही लावत नाही.

सायली_आई
सगळ्यांचे प्रतिसाद वाचून शेवटी लेकीलाच विचारलं. म्हणाली, “आई, ‘वजनदार’मध्ये सारखं वजनच आहे गं.” पाऊसवाट, तुमचा मुद्दा तिने एका वाक्यात मांडला. काल ‘किल्ला’ लावला. त्यातल्या चिन्मयला पावसात किल्ल्यावर एकटं टाकून मित्र पळून जातात, तिथे ती म्हणाली, “गॅदरिंगला मला असंच झालं होतं.” तीन महिन्यांत त्या दिवसाबद्दल ती पहिल्यांदा बोलली. मग तासभर बोलतच राहिली. कोणती मैत्रीण पुढे गेली, कोणी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, बाईंनी ओळी लावताना तिचा दंड धरून कसं मागे सरकवलं.

तरीही सरांचं मला जास्त पटतं. मी शेजारी बसले नसते, तर ते वाक्य तिच्या ओठांवर आलं नसतं. नुसता सिनेमा लावून उठून जाण्यात अर्थ नाही, मग तो कोणताही असो. सोमवारी शाळेत जाते आहे, बाईंनी ओळी कशावरून लावल्या ते विचारायला.