रेव्हरंड टिळकांचा संसार

कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती होऊन, धर्मापायी संसार मोडला, असं काही जण म्हणतात. अर्धंच खरं आहे ते. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. मुलाला, दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. ते दुःख कुणी झाकू नये.

पण पुढचंही बघा ना! त्या नवऱ्याकडे परतल्या त्या सोवळं-ओवळं सांभाळून, वेगळा स्वयंपाक करत. टिळकांनी ते चालवून घेतलं. धर्मप्रचारकाच्याच घरात हे! १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. बाकी माणूस शीघ्रकोपी, पैसा हातात टिकायचा नाही. हे बाईंनीच 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हसतखेळत लिहून ठेवलंय, म्हणून तर ते खोटं वाटत नाही. बायकोला लिहायला लावणारेही तेच.

नगरच्या घरात पोरकी मुलं वाढली, बालकवीही काही काळ तिथेच होते. टिळकांचे अभंग मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानायचे. त्यामुळे साहेबी थाटाचा धर्म त्यांना कधी मानवलाच नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. मिशनच्या पगारावर पाणी सोडणं म्हणजे घरखर्चाचं काय, हा प्रश्न मात्र पुन्हा बाईंच्याच पदरात!

१९१९ च्या मे महिन्यात ते गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं काव्य अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.