जुनी अल्टो, ॲव्हरेज १८ वरून १३ वर. काय बघावं?

गणिताच्या बाई:
नमस्कार मंडळी. गाडी २००८ची अल्टो एलएक्स, पेट्रोल, एमएच १३. दिरांकडून घेतलेली. २०२३मध्ये पासिंग ५ वर्षांनी वाढवून घेतलंय, त्यामुळे 'विकून टाका' हा सल्ला कृपया नको, तो गॅरेजवाल्यांनी फुकट दिलेला आहे.

रोजचा रस्ता जुळे सोलापूर ते वळसंग, शाळेत. शहरातून बाहेर पडेपर्यंत काय गर्दी असेल ती, पुढे अक्कलकोट रोड मोकळा. या रस्त्यावर गाडी आरामात १८ द्यायची. आता १३, कधी साडेबारा. मोजते ते असं: एकाच पंपावर ऑटो कट होईपर्यंत टाकी फुल, पुढच्या वेळी तिथंच परत फुल, मधले किलोमीटर भागिले लिटर. वहीत लिहून ठेवते. काट्यावरून अंदाज बांधत नाही.

झालेली कामं: एअर फिल्टर, तिन्ही प्लग, ऑइल. टायरची हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिलीय तेवढी. फरक शून्य. एकाने पेट्रोलमध्ये ओतायची बाटली गळ्यात मारायचा प्रयत्न केला, दुसरा म्हणाला एसी बंद ठेवा. मे महिन्यात सोलापुरात एसी बंद ठेवून त्यानेच एकदा वळसंगला जाऊन यावं.

बाकी गाडी ठीक आहे. गेल्या उन्हाळ्यात तुळजापूरच्या घाटात गरम झाली होती. तेव्हाच काम करून घेतलं, आता टेम्परेचरचा काटा कायम खालीच असतो, त्यामुळे ती काळजी नाही. परवा पीयूसी काढताना मात्र तिथला मुलगा म्हणाला, सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) काठावर आलाय.

हे सगळं ई-२० पेट्रोलमुळे असेल का?

सात रस्ता:
दुसरं काय असणार! ऊस आपला, कारखाने आपले, इथेनॉल आपलं आणि भुर्दंड पण आपल्यालाच. माझी बाईक पण कमी द्यायला लागलीय.

नापास इंजिनिअर:
ई-२० चा वाटा आहे, पण एवढा नाही. बाई गणिताच्या आहेत म्हणून आकडेच मांडतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साडेसहा टक्क्यांच्या आसपास घट. पण शुद्ध पेट्रोल आपण आधीही कुठे भरत होतो? २०२२पासून १० टक्के होतंच. त्यामुळे नवी भर तीन-साडेतीन टक्क्यांची. १८ चे साडेसतरा होतील, १३ कशी होईल?

२००८च्या गाडीत ई-२० साठी बघायचं ते वेगळं आहे: पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल किंवा पाइपला बारीक भेगा दिसत असतील तर आधी ते बदला. ॲव्हरेज राहू दे बाजूला, ते पेट घ्यायचं काम आहे.

बाळेकर:
सीएनजी किट टाका ना बाई, विषय संपला.

एसटी रिटायर:
बाई, नमस्कार. मी एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालो. आमच्याकडं केपीटीएल चालायचं, दहा लिटरला किलोमीटर किती ते. आकडा पडला की साहेब ड्रायव्हरला धरणार, ड्रायव्हर आम्हाला धरणार आन् आम्ही गाडीखाली. त्यामुळं पहिला प्रश्न कायम एकच, शेवटचं काम काय झालं आन् कधी झालं.

तुम्ही ते लिहिलंय, पण 'बाकी गाडी ठीक' म्हणून खाली ढकलून दिलंय. काटा कायम खाली असतो हेच तर दुखणं हाय. घाटात गरम झाल्यावर गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकलाय, असा माझा दाट संशय.

आपल्याकडं गाडी गरम झाली की पहिला इलाज हाच करतात. 'सोलापूरच्या उन्हात वॉल्व कशाला पायजे' असं म्हणून काढतात आन् देतात भंगारात टाकून. गाडी गरम व्हायची थांबते, गिऱ्हाईक खूश. पण वॉल्वचं काम काय? इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडं जाऊ द्यायचं नाही, इंजिनातच फिरवायचं. पाणी ८० अंशांच्या पुढं गेलं की मग तोंड उघडायचं. वॉल्वच नसला तर पाणी पहिल्या मिनिटापासनं रेडिएटरमधनं फिरतंय. मोकळ्या रस्त्यावर समोरनं वारं, इंजिन तापणारच कसं? बाहेर ४३ डिग्री असलं तरी इंजिनाच्या हिशेबानं ते थंडच की ओ. इंजिनाला नव्वदीच्या आसपास पाणी लागतं.

आता अल्टोत कार्ब्युरेटर नाही, ईसीयू हाय, म्हंजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर. त्याला सेन्सर सांगतोय की पाणी थंड, म्हणजे गाडी आत्ताच सुरू झालीय. तो बिचारा जादा पेट्रोल सोडत राहतो, सकाळी चोक ओढून तसंच वळसंगपर्यंत जावं तसं. सीओ काठावर आला तो यानंच. वर ऑइल घट्ट राहतं, त्याची ओढ वेगळी.

खात्री करायची तर गॅरेजला जायची गरज नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा, एसी बंद. रेडिएटरला वरच्या बाजूनं येणारा जाड रबरी पाइप हाय, त्याला हात लावून बघा. वॉल्व जागेवर असला तर पाइप बराच वेळ गार राहतो, काटा मधे यायला लागला की एकदम चटका बसतो. वॉल्व नसला तर पहिल्यापासनं हळूहळू कोमट होत जातो, एकदम असं काही होत नाही. ओढणी-पदर सांभाळून, रेडिएटरचा फॅन इलेक्ट्रिक हाय, कधीबी फिरतो. आन् गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण चुकूनबी उघडू नका.

बाळेकर, किट टाकलं तरी हे काम आधी करावंच लागतंय. गॅसच्या रिड्यूसरला इंजिनाचंच गरम पाणी फिरवलेलं असतं. पाणी गार तर गाडी गॅसवर जायलाच खळखळ करणार.

नापास इंजिनिअर:
काका, बरोबर. थोडी भर घालतो. इंजिन पुरेसं तापलं की ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून मिश्रण दुरुस्त करत राहतो. तापलंच नाही तर तो ठरवून दिलेल्या जाड, म्हणजे जादा पेट्रोलच्या मिश्रणावरच चालू शकतो. म्हणूनच फिल्टर बदलून फरक पडला नसणार. फिल्टर तुंबला तर या गाड्यांत ओढ कमी होते, ॲव्हरेजला फार धक्का बसत नाही. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या ८०० ची गोष्ट वेगळी होती.

गणिताच्या बाई:
काका, पाइप बघितला. तुम्ही लिहिलंय तस्साच, सुरुवातीपासून कोमट आणि शेवटपर्यंत कोमटच. शाळेत जाताना काट्यावर लक्ष ठेवलं. सिग्नलला उभी असताना जरा वर सरकला, अक्कलकोट रोडला लागल्यावर परत तळाला.

दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने माझ्यासमोर वॉल्व बसतो ते घर उघडलं. आत वॉल्व नाहीच. नुसतं रिकामं भोक आणि कडेने लाल सिलिकॉन फासलेलं. घराच्या आतून पांढरे, जाड थर होते, नखाने खरवडले तर खपल्या निघाल्या. त्याने विचारलं, "मॅडम, बोअरचं पाणी घालता का?" नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात रेडिएटरला दुसरं कोणतं पाणी मिळणार?

वॉल्व काही शे रुपयांचा आहे. लगेच बसवू का? परत घाटात तापली तर?

एसटी रिटायर:
नुसता वॉल्व बसवून घाटात जाऊ नका. गाडी तापली ती वॉल्वमुळं नाही, त्या खपल्यांमुळं. बोअरच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, नळ्या अर्ध्या बुजल्या की घाटात गाडी उकळणारच. दुखणं रेडिएटरचं, काढला वॉल्व. त्यामुळं क्रम असा ठेवा: रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, नळ्या फारच बुजल्या असतील तर बदला. फॅन वेळेवर लागतो का ते बघा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण नवं, ते प्रेशर धरत नसलं की पाणी लवकर उकळतं. मग वॉल्व, आन् आत डिस्टिल्ड वॉटर घालून कूलंट. ते कूलंट आपल्याकडं लोक थंडीचं औषध समजतात. उकळायचा बिंदू वर नेणं आन् गंज धरू न देणं हे पण त्याचंच काम. वर टाकीतलं पाणी कमी झालं तर परत बोअरचं ओतू नका, डिक्कीत डिस्टिल्डचा कॅन ठेवा.

हवा काढल्याशिवाय मेकॅनिकला सोडू नका. सिस्टिममधे हवा अडकली की काटा उगाच नाचतो आन् परत वॉल्ववर खापर.

त्याच हेलपाट्यात मागचे ब्रेक बघून घ्या. वळसंगहून आल्यावर चारी रिमजवळ हात न्या. एकच जास्त तापलेली लागली तर तिथं ब्रेक धरतोय, हँडब्रेकची केबल आखडलेली असते.

गणिताच्या बाई:
सगळं केलं. रेडिएटर बदलावाच लागला, मधल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. बिल आलं म्हणून जीव कळवळला, पण मेकॅनिकने जुना रेडिएटर आडवा धरून दाखवला तेव्हा भांडायचं सुचलं नाही. ब्रेकमध्ये काही नव्हतं.

काटा आता मध्याच्या थोडा खाली, आणि तिथंच ठाम उभा. तुळजापूरला जाऊन आलो, घाटातही हलला नाही. पीयूसीचा सीओ निम्म्याहून खाली उतरला. नव्या वहीपानावरचा आकडा: १६.९.

१८ काही झाली नाही. नापास इंजिनिअर यांच्या हिशेबाने अर्धा-पाऊण ई-२० ने खाल्ला, उरलेला एसीच्या नावावर टाकते. तो बंद होणार नाही.

सात रस्ता:
काका, माझ्या भावाची डिझेल इंडिका आहे, १० वर आलीय. तिचा पण वॉल्वच का?

एसटी रिटायर:
डिझेलला ते जादा पेट्रोलचं गणित तसं लागू होत नाही. धूर काळा की पांढरा, आन् नोजल शेवटचे कधी बघितले, ते सांगा. पण वेगळा धागा काढा भाऊ, बाईंच्या धाग्यात इंडिका नको.