‘पेट सेमेटरी’: खरी भीती त्या जमिनीची, की लपवण्याची?

बोरीकाठ (अमळनेर)

स्टीफन किंगची १९८३ची भयकादंबरी ‘पेट सेमेटरी’ परवा दुसऱ्यांदा वाचून संपवली. ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळी कथा उघडी पडणार आहे.

लुई क्रीड हा डॉक्टर बायको रेचल, लेक एली आणि धाकटा गेज यांना घेऊन अमेरिकेतल्या मेन राज्यात, लडलो गावी राहायला येतो. घरासमोर ट्रकचा रस्ता. मागे रानात पोरांनी मेलेली पाळीव जनावरं पुरण्यासाठी केलेली जागा, आणि तिच्याही पलीकडे तिथल्या मूळनिवासी मिकमॅक लोकांची जुनी दफनभूमी. तिथे पुरलेलं परत येतं, पण होतं तसं येत नाही. आधी एलीचं मांजर, मग ट्रकखाली गेलेला गेज.

माझं म्हणणं असं की हा नाश जमिनीने केला नाही, लपवण्याने केला. मांजर मेलं तेव्हा रेचल आणि मुलं शिकागोला होती. लेकीला समोर बसवून खरं सांगता आलं असतं. त्याऐवजी शेजारचा जड नावाचा म्हातारा लुईला रात्री पलीकडे नेतो आणि दोघंही तोंड मिटून घेतात. रेचलचं तर बालपणच असं गेलंय. बहीण झेल्डा मेनिंजायटिसने मागच्या खोलीत झिजत होती, आईबापांनी तिला दडवून ठेवलं, आणि ती गेली त्या वेळी घरात आठ वर्षांची रेचल एकटी होती. पुढे आयुष्यभर ती मरणाचं नाव काढू देत नाही.

आपल्याकडे दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, जातात. दहावा होतो, गंधमुक्ती होते, मग अखाजीला (अक्षय तृतीयेला) गेलेल्याच्या नावाची घागर भरतात. माणूस गेला हे चारचौघांत ठरतं. लुईच्या वाट्याला हे आलं असतं तर तो फावडं घेऊन निघाला नसता, असं मला मनापासून वाटतं.

पांझरा (धुळे)

भाऊ, नाही पटलं. टिमी बेटरमनला विसरलात का? दुसऱ्या महायुद्धात मेलेला पोरगा. बापाने त्याला तिथेच पुरला आणि तो परत आला. लोकांनी त्याला रस्त्याने फिरताना पाहिलं, जडसकट गावातली माणसं त्याच्या घरापर्यंत गेली. म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि जडने ही हकीगत लुईला कधी सांगितली? गेज गेल्यावर, लुईने तसं काही करू नये म्हणूनच. सगळं ऐकूनही लुई गेलाच.

चारचौघांचं म्हणता, तर गेजचं अंत्यदर्शनही चारचौघांतच होतं. तिथे जावई-सासऱ्याची मारामारी झाली आणि लेकराची शवपेटी खाली पडली. कुणी काय सावरलं? आणि हा लुई डॉक्टर. मरण नैसर्गिक आहे म्हणून बायकोशी भांडणारा. डोक्याने मान्य केलेलं मरण आपल्या पोराच्या वेळी कामाला आलं नाही, माझ्या मते कादंबरी इथे आहे.

किंगच्या मुलीचं मांजर खरंच तशाच रस्त्यावर मेलं होतं, आणि त्याचा लहान मुलगा त्या रस्त्याकडे धावला होता. हे लिखाण एका बापाच्या भीतीतून आलंय. लिहून झाल्यावर ते फारच काळं वाटलं म्हणून त्याने काही वर्षं बाजूलाही ठेवलं होतं.

माझ्या बहिणीचा चार वर्षांचा मुलगा विहिरीत गेला. दारावर अख्खं गाव बसलं होतं, काही लपलेलं नव्हतं. पण त्या रात्री कुणी अशी जागा सांगितली असती तर ती अनवाणी निघाली असती, आणि बॅटरी धरून मी पुढे चाललो असतो.

सातपुडा पायथा (शहादा)

तुमच्या दोघांच्या वादात एक गोष्ट सुटतेय. मिकमॅक हे खरे, आजही असलेले लोक आहेत. कथेत ते येतात ते शापित जमिनीचे जुने मालक म्हणून. आमच्या भागातही पाड्यांवरच्या जागांना बाहेरची माणसं भुताच्या जागा म्हणतात, तिथल्या लोकांना न विचारता. दुःख क्रीड कुटुंबाचं, आणि भीती मात्र दुसऱ्यांच्या पूर्वजांच्या नावावर. मला हे खुपलं.

बोरीकाठ

शहादेकर, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं.

पांझरा भाऊ, बहिणीबद्दल वाचून काय लिहावं कळेना. टिमीचा मुद्दा खोडता येत नाही. तरी एक पाहा, परत आलेला टिमी प्रत्येकाची झाकलेली गोष्ट तोंडावर बोलतो. गेजही जडला त्याच्या बायकोबद्दल तसंच ऐकवतो. लेखकाला ही गाठ दिसली होतीच.

मी लपवण्यावर का अडून बसलोय ते सांगतो. माझे काका सुरतेला कापड गिरणीत होते. तिकडेच हार्ट अटॅकने गेले, तिकडेच सगळं झालं. आजीला सहन होणार नाही म्हणून सांगितलं नाही. चुलतभावाचा आवाज हुबेहूब बापासारखा. तो दर रविवारी काका होऊन आजीशी फोनवर बोलायचा. दीड वर्ष. अखाजीला काकांची घागर आम्ही शेजारच्या घरात भरली. आजी एकदा म्हणाली, “तुना आवाज बदली गया रे. कव्हय येशी?” पुस्तकात मांजर परत आलं तिथे मला तो फोन आठवला. आम्हीही मेलेल्याला परत आणलं होतं.

केळीबाग (रावेर)

दादा, त्याची या पुस्तकाशी तुलना करू नका. तो आवाज कुणाच्या जिवावर उठला नाही. त्या माउलीला दर रविवारी लेक भेटत होता. आमच्याकडे उलट झालं. थोरले दीर गेले ते आम्ही सासूबाईंना त्याच दिवशी सांगितलं, खरं तेच सांगायचं म्हणून. त्यांनी अन्न सोडलं. अकराव्या दिवशी त्या गेल्या. सांगा असा आग्रह माझाच होता. मरण स्वीकारावं हे मलाही पटतं, पण ऐंशीच्या घरातल्या बाईने ते कुणाच्या सोयीसाठी स्वीकारायचं?

पांझरा

ताई, तुमच्या हातून चूक झाली असं मला वाटत नाही. पण तुमचा प्रश्न खरा आहे. बोरीकाठ भाऊ, आजीचं सांगितलंत. त्या चुलतभावाचं काय?

बोरीकाठ

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

भाऊ, त्याला बापासाठी रडताच आलं नाही. रविवार आला की घसा साफ करून बाप व्हायचं. आजी गेल्या पावसाळ्यात गेली. काका येणार याच भरवशावर गेली. तेव्हा तो ओट्यावर बसून मोठ्याने रडला, आणि मध्येच आजीचं सोडून बापाला हाका मारायला लागला. या अखाजीला तो येतोय, दोन्ही घागरी आमच्या अंगणात भरायच्या आहेत.