तीन रांगांची गाडी, तीन कारसीट आणि मागे जायला वाटच नाही

पसारा_क्वीन

मंडळी, जरा डोकं चालवा माझ्यासाठी. मोठी गाडी घेतली की जागेचा प्रश्न मिटला असं समजून बसलो होतो आम्ही, पण मिटायचं राहिलं बाजूला, नवीनच पंचाईत होऊन बसलीय. मुलं तीन. लेक सात वर्षांची, मधला साडेतीनचा आणि धाकटं चार महिन्यांचं. गाडी तीन रांगांची, मधली रांग सलग बाक, ६०:४० अशी दुमडते, मागे दोघांपुरती जागा. आयसोफिक्स (कारसीट थेट अडकवायचे गाडीतले पक्के हुक) फक्त मधल्या रांगेत दोन्ही खिडक्यांपाशी, मागे नुसते बेल्ट.

साहजिकच दोन लहानांच्या सीट खिडक्यांपाशी आयसोफिक्सवर लावल्या आणि मोठीला मागे धाडायचं ठरवलं. सीट मस्त बसल्या हो, हलतसुद्धा नाहीत, पण आता मोठी मागे जाणार कुठून? दोन्हीकडून वाट बंद. नवरा म्हणतो डिकीतून चढेल की, तिला तर मज्जाच वाटतेय, पण रोज शाळेच्या दारात डिकी उघडून पोरगी आत टाकायची म्हणजे काहीतरीच. त्यात साबा (सासूबाई) बऱ्याचदा बरोबर असतात, त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मागची रांग त्यांना शक्यच नाही.

नवऱ्याची दुसरी आयडिया अशी की दोन्ही खिडक्यांच्या सीटचे आतले एकेक हुक धरून मधोमध एक आयसोफिक्स सीट लावायची, म्हणजे एक खिडकी मोकळी. चालतं का असं? आणि मोठीला अजून बूस्टर (बेल्ट नीट बसावा म्हणून उंच करणारी बैठक) लागतो का खरंच, उंची ११९ सेमी आहे, नुसत्या बेल्टवर भागलं तर कुठेही कोंबता येईल तिला.

खटपट्या

तुमचा घोळ रुंदीचा नाहीच, वाटेचा आहे. सगळे टेप घेऊन बाक मोजत बसतात आणि मागच्या रांगेत जायचं कसं हे शेवटी आठवतं. आधी ठरवा मागे कुठल्या दारातून जायचं, आणि त्या दाराजवळची सीट कारसीटसाठी बंद. तिथे माणूस बसेल, जो उठू शकतो. कारसीट लावलेली सीट दुमडता येत नाही आणि दरवेळी काढून परत लावू म्हणाल तर घाईत कोणीतरी एक दिवस अर्धवट लावणारच.

काही गाड्यांमधे मधली सीट न दुमडता नुसती कलते आणि पुढे सरकते, आणि रिकामी कारसीट लावलेली असली तरी तसं करायला परवानगी असते. मॅन्युअलमधे असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर तुम्ही सुटलात. नसेल तर नाद सोडा.

शक्यतो ४० चा तुकडा मोकळा ठेवा, एकट्याने पटकन उचलता येतो तो. दोन लहान ६० वर शेजारी शेजारी, साबा पुढे, मोठी मागे गेली की तुम्ही ४० वर. मात्र मधोमधच्या जागेला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे ना ते बघा, नुसता कमरेचा असेल तर सगळं गणित परत मांडावं लागेल. आणि हो, एक आयसोफिक्स वाया गेलं म्हणून हळहळायचं काम नाही, बेल्टने नीट लावलेली सीट काही कमी सुरक्षित नसते, फक्त बेल्टने लावताना चुका जास्त होतात.

टेपपट्टी

नवऱ्याची हुकांची आयडिया तिथेच थांबवा. एका सीटच्या दोन हुकांमधलं अंतर २८ सेमी ठरलेलं असतं, दोन वेगवेगळ्या सीटचे आतले हुक धरले तर ते बहुतेक वेळा बरंच जास्त भरतं, म्हणजे कारसीटचे अडकवायचे आकडे हुकांपर्यंत पोचणारच नाहीत, आणि समजा योगायोगाने पोचले तरी गाडीच्या मॅन्युअलमधे मधली जागा आयसोफिक्सची म्हणून दाखवलेली नसेल तर लावायची नाही. शिवाय आयसोफिक्सला वजनाची मर्यादा आहे, आर१२९ (कारसीटचा युरोपातला नियम) वाल्या हार्नेसच्या, म्हणजे स्वतःचे पट्टे असलेल्या, सीटमधे मूल आणि सीट मिळून ३३ किलो. तुमचा मधला अजून त्यात आरामात बसेल, पण सीट स्वतःच १२-१३ किलोची असते हे लोक विसरतात.

आता शेजारी शेजारी दोन सीट. बॉक्सवर लिहिलेली रुंदी बघून ठरवू नका. ती सगळ्यात रुंद जागेची असते, आणि ती जागा प्रत्येक सीटमधे वेगळीकडे येते. सरळ तोंडाच्या सीटचा पसारा पाठीपाशी, खांद्याच्या पंखांजवळ असतो, उलट्या तोंडाच्या (मूल मागे बघत बसतं त्या) सीटचे तेच पंख पुढच्या सीटकडे येतात. म्हणजे एक सरळ एक उलटी अशी जोडी ठेवली तर पंख पंखांवर आपटत नाहीत आणि कागदावर न मावणारी जोडी गाडीत मावून जाते. तुमच्याकडे तर तशीच जोडी आहे.

मधोमधची आधी लावायची, कारण खिडकीपाशी सीट आली की तिथे हात घालायला जागाच राहत नाही. दोन्ही लावून झाल्या की एक काढून टाका आणि दुसरी हलवून बघा. बेल्ट ज्या वाटेने जातो त्या वाटेपाशी धरून हलवा, वरून डोक्याकडून नाही, तिथे २.५ सेमीपेक्षा जास्त सरकली तर लागलीच नाही असं समजा. एकमेकींना टेकल्या तर हरकत नाही, एकमेकींच्या जोरावर उभ्या असतील तर हरकत आहे.

मागच्या_बाकावरची

मोठीला बूस्टर हवाच गं, ११९ म्हणजे काहीच नाही. वय सोड, आणि देशोदेशीचे नियम १३५ म्हणोत नाहीतर १५०, बेल्ट बसतो कसा ते बघ. पाठ टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेवर वाकले पाहिजेत, कमरेचा पट्टा मांडीच्या वर, कमरेच्या हाडावर आणि खांद्याचा खांद्याच्या मधोमध. हे साधारण १४५ च्या आसपास जमतं. तोवर नुसता बेल्ट पोटावर चढतो आणि धडकेत तोच पोटात घुसतो. तिला मागे टाकतेयस ते बरोबरच आहे, पण तिला स्वतःचा बेल्ट स्वतः लावता आला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे चालत्या गाडीत तो काढायचा नाही इतपत समज हवी, कारण मागे तुझा हात पोचणार नाही.

मागच्या रांगेत खरी कटकट बकलची. तिथे बकल छोट्या मऊ पट्ट्यावर असतं, बूस्टर ठेवला की गादीत गडप होतं, मग पोरगी एका हाताने चाचपडते, बूस्टर वाकडा होतो, नखं घासली जातात आणि शेवटी रडारड. उपाय म्हणजे खाली निमुळता होत जाणारा बूस्टर. बकल लांब करणारे तुकडे मिळतात ते अजिबात नको, बकलची जागा बदलली की कमरेचा पट्टा पण बदलतो. आमच्याकडे पाठ असलेला बूस्टर मागे बसतच नव्हता, गाडीचा हेडरेस्ट त्याला पुढे ढकलत होता. हेडरेस्ट काढून टाकला, मॅन्युअलमधे परवानगी होती म्हणून. काढलेला हेडरेस्ट मोकळा टाकू नकोस कुठे. बिनपाठीचा घेणार असशील तर तिचे कान गाडीच्या हेडरेस्टच्या वर जात नाहीत ना ते बघ.

जुना_ड्रायव्हर

केवढं रामायण! आम्ही पाच पोरं मांडीवर घेऊन गावोगाव फिरलो, कोणाला काही झालं नाही.

खटपट्या

@जुना_ड्रायव्हर, ज्यांना झालं ते इथे लिहायला नाहीत काका. मांडीवरचं मूल धडकेत कोणाच्याच हातात राहत नाही, कितीही घट्ट धरा.

टेपपट्टी

अजून एक राहिलं. बाळाच्या सीटला खाली पाय असलेला बेस (गाडीतच राहणारा खालचा भाग, ज्यावर सीट अडकते) आहे का? असेल तर तो पाय गाडीच्या तळाशी कशावर टेकतो बघा. बऱ्याच तीन रांगांच्या गाड्यांमधे मधल्या रांगेच्या पायाशी झाकणाचा खण असतो, त्या झाकणावर पाय टेकवायला सहसा मनाई असते, धडकेत झाकण खचतं. काही कंपन्या खणात भरायला खास ठोकळा देतात. आणि मधल्याच्या सीटला टॉप टेदर (सीटच्या वरून मागे जाणारा जादा पट्टा) असेल तर तो पट्टा खऱ्या टेदरच्या कडीलाच अडकवा, त्यावर खूण असते. डिकीतल्या सामान बांधायच्या कड्या दिसायला तशाच असतात पण त्या कामाच्या नाहीत. टेदर पाठीमागून खाली येत असेल तर मोठीच्या पायात येतो का तेही बघून घ्या.

पसारा_क्वीन

थँक्यू सगळ्यांना, केवढं लिहिलंत! आज दुपारभर हेच चालू होतं. खटपट्या म्हणाले तसं ४० मोकळं ठेवलं, धाकटा खिडकीपाशी आणि मधला मधोमध. बसलं, पण मधल्याच्या सीटचा पंख माझ्या बकलवर येतोय, मला बेल्ट लावायचा तर त्याची सीट कुल्ल्याने ढकलावी लागते. मग नवऱ्याने, हो त्याच हुकवाल्या नवऱ्याने, अदलाबदल केली. मधला खिडकीपाशी आयसोफिक्स आणि टेदरवर, आणि बाळाचं कॅरियर (उचलून नेता येणारी सीट) बेसशिवाय नुसत्या बेल्टवर मधोमध. बेस गेला म्हणजे खणाच्या झाकणाचाही प्रश्न गेला, आणि कॅरियर खाली अरुंद असल्यामुळे माझं बकल पूर्ण मोकळं. बाळ माझ्याच शेजारी आलं हे बोनस. बेल्ट मात्र जेमतेम पुरला, कॅरियरला वळसा घालून बकलपर्यंत येताना ताणून ताणून. कमी पुरतोय असं नाही ना चालणार?

खटपट्या

बकल नीट लागलं, बेल्ट सगळ्या खाचांमधून गेलाय आणि कॅरियर हलत नाहीये ना, मग जेमतेम असला तरी चालेल. फक्त बकलचा प्लॅस्टिकचा भाग कॅरियरच्या खाचेवर किंवा कडेवर आडवा टेकून वाकत नाहीये ना बघा, तसा असेल तर तो जोर प्लॅस्टिकवर येतो आणि ती जोडी बाद. नवऱ्याला शाबासकी द्या.

मागच्या_बाकावरची

मस्त जमलं की! आता एकच सांगते. बाळ कॅरियरमधे मावेनासं झालं की लगेच ती गोल फिरणारी सीट घ्यायला धावू नकोस, सगळे तेच सुचवतील. ती फिरवायची असते दाराकडे, मधोमध ठेवून तिचा काही उपयोग नाही, वर रुंद आणि बहुतेक आयसोफिक्सच लागतं तिला. आर१२९ च्या सीटमधे कमीत कमी १५ महिने उलटं बसवायचंच आहे, त्यापुढेही जितकं जमेल तितकं बरं, तेव्हा बेल्टने लागणारी, अरुंद, उलट्या तोंडाची सीट बघून ठेव आणि घेण्याआधी तुझ्याच गाडीत, मधल्याची सीट जागेवर असताना लावून बघ.

पसारा_क्वीन

अगं फिरणारीच कार्टमधे टाकून ठेवली होती नवऱ्याने 😄 काढायला लावते. अरुंद उलटीमधे कोणाकडे कुठली आहे ते लिहा प्लीज, मोजमापासकट.